ब्युरेटमध्ये ११.४, वहीत १०.१: प्रॅक्टिकल घेता घेता शिकवायला शिकण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण नागपुरातल्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातलं आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रयोगाचे आकडे दिले आहेत, कारण त्यांच्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

पार्श्वभूमी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका संशोधक विद्यार्थिनीकडे (पुढे तिला प्रशिक्षणार्थी म्हणू) बीएस्सी पहिल्या सत्राच्या एका बॅचची प्रात्यक्षिकं सोपवली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार संशोधकांना आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण मिळायला हवं. ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाच्या कामासाठी त्यांना आठवड्याला ४ ते ६ तास देता येतात. त्या प्रशिक्षणात नेमकं काय असावं हे मात्र विभागानं ठरवायचं असतं. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘मंगळवारची बॅच तुम्ही घ्या’ एवढाच होतो. इथंही तसंच झालं. आदल्या वर्षीचं जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) आणि प्रयोगांची यादी हातात आली, आणि पहिला तास चार दिवसांवर होता.

बॅचमध्ये २० मुलंमुली होती, म्हणजे १० जोड्या. प्रात्यक्षिक दोन तासांचं. निम्मे विद्यार्थी शहरातले, बाकीचे काटोल, सावनेर, उमरेड, कामठी या बाजूंनी रोज येणारे. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी, आणि अकरावी-बारावीला बऱ्याच जणांचं कॉलेज ‘टाय-अप’चं. म्हणजे नाव कॉलेजात आणि दिवस नीटच्या क्लासमध्ये. ही गोष्ट नोंदवायलाच हवी, कारण पुढची अर्धी गुंतागुंत तिथून येते. या मुलांना नॉर्मॅलिटीची (द्रावणाच्या तीव्रतेची) गणितं तोंडपाठ होती, पण हातात ब्युरेट (मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेली काचनळी) धरलेली फार थोड्यांनी. धरली असली तरी ती बारावीच्या पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनपुरती (टायट्रेशन म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात मोजून सोडत तीव्रता काढणं).

प्रयोग साधाच होता. ऑक्झॅलिक आम्लाच्या ०.१ नॉर्मल प्रमाणित (म्हणजे तीव्रता नेमकी माहीत असलेल्या) द्रावणानं, अंदाजे ०.१ नॉर्मल बनवलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडची नेमकी नॉर्मॅलिटी काढायची. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लाचा तुल्यभार (१ लिटर १ नॉर्मल द्रावणाला लागणारे ग्रॅम) ६३.०४, म्हणून २५० मिलीच्या प्रमाणित फ्लास्कसाठी १.५७६ ग्रॅम आम्ल. १० मिली आम्ल पिपेटनं कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, फिनॉल्फथॅलीन या दर्शकाचे (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचे) २-३ थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं. रंगहीन द्रावण फिकट गुलाबी होऊन तो रंग ३० सेकंद टिकला की एंड पॉइंट. ०.१ मिलीच्या आत जुळणारी तीन रीडिंग हवीत.

अडचण कशी लक्षात आली

पहिल्या तासाला प्रशिक्षणार्थी ५० मिनिटं बोलली. तुल्यभार, प्राथमिक आणि दुय्यम प्रमाणित द्रावणं, दर्शक कसा काम करतो, निरीक्षण तक्ता कसा आखायचा, सगळं झालं. मदत म्हणून फळ्यावर शेवटी लिहिलं: ‘अपेक्षित रीडिंग साधारण १० मिली’. मग मुलांनी कामाला सुरुवात केली आणि वेळेत संपवलं. दहांपैकी सात जोड्यांची रीडिंग ९.९ ते १०.२ च्या मध्ये होती, त्यातल्या चौघांची तर सरळ १०.१, १०.१, १०.१. तास फार छान झाला असं वाटण्यासारखीच ही स्थिती होती.

उरलेलं द्रावण दुसऱ्या बॅचला वापरायचं होतं. ते देताना प्रयोगशाळेतले अटेंडंट भाऊ सहज म्हणाले, की बरणीचं झाकण सैल राहिलं होतं आणि गोळ्या ओलसर वाटत होत्या. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतं. पावसाळी हवेत उघड्या राहिलेल्या बरणीतून ४ ग्रॅम तोललं, तर त्यात सोडियम हायड्रॉक्साइड ४ ग्रॅम नसतंच. ते प्राथमिक प्रमाणित पदार्थ (तोलून थेट नेमकं द्रावण करता येईल असा) का नाही याचं याहून चांगलं उदाहरण मिळत नाही. प्रशिक्षणार्थीनं स्वतः टायट्रेशन केलं: ११.४, ११.४, ११.३. म्हणजे द्रावण ०.१ नसून ०.०८८ नॉर्मलच्या आसपास होतं.

मग १०.१ कुठून आलं? ब्युरेटमधून ते येणं शक्य नव्हतं. फळ्यावर १० लिहिलं होतं, वर्गातल्या एकाकडे सीनियरचं जर्नल होतं, आणि तीन रीडिंग जुळली नाहीत तर सही मिळत नाही हे मुलांना बारावीपासून माहीत होतं. उरलेल्या तीन जोड्यांची रीडिंग ११.२, ११.६ आणि १२.० अशी होती. त्या जोड्यांना प्रशिक्षणार्थीनं तासात ‘नीट करा, पुन्हा घ्या’ असं सांगितलं होतं. खरं मोजणाऱ्यांनाच परत पाठवलं गेलं, हा या प्रकरणातला सगळ्यांत बोचरा तपशील. त्या तासाचं मूल्यमापन मुलांच्या अभिप्रायावरून झालं असतं तर तो उत्तमच ठरला असता.

पर्याय आणि त्यांचा विचार

प्रभारी प्राध्यापिका, गाईड आणि प्रशिक्षणार्थी यांच्या दोन बैठका झाल्या. पहिली सूचना नेहमीची: जर्नलवर शेरा मारा, प्रॅक्टिकल पुन्हा घ्या, थोडा धाक बसू द्या. याला वेळ लागत नाही, पण यात एक गृहीतक दडलेलं आहे, की मुलांना बरोबर करता येत होतं आणि त्यांनी केलं नाही. तपासायची गोष्ट नेमकी हीच होती.

दुसरा पर्याय समजावणं सुधारण्याचा: स्लाइड, व्हिडिओ, जास्त नेटकं व्याख्यान. प्रशिक्षणार्थीचा स्वतःचा कल इकडेच होता. सेमिनार दिलेला माणूस शिकवणं म्हणजे सेमिनारच समजतो. गाईडनी अडवलं ते एका साध्या प्रश्नानं: ५० मिनिटं बोलून जे झालं नाही ते ५५ मिनिटांनी कसं होईल?

तिसरा, अध्यापनाचा एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम. उपयोगाचा, पण सत्र संपल्यावर. आणि त्यात ब्युरेटबद्दल काही नसतं. चौथा, बीएडमध्ये चालणारा सूक्ष्म अध्यापनाचा सराव. एका वेळी एकच कौशल्य, ६ मिनिटं शिकवणं, ६ मिनिटं अभिप्राय, १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा शिकवणं, ६ मिनिटं पुन्हा अभिप्राय, असं ३६ मिनिटांचं चक्र. विज्ञान शाखेतली मंडळी याकडे जरा नाक मुरडूनच पाहतात. पण याला पैसे लागत नाहीत, आणि एका दुपारी दोन चक्रं होतात.

पाचवा पर्याय प्रयोगाची मांडणीच बदलण्याचा, म्हणजे उत्तर आधी कुणालाच माहीत नसेल असं करण्याचा. यावर प्रभारी प्राध्यापिकांचे आक्षेप रास्त होते. अभ्यासक्रम विद्यापीठाचा आहे, परीक्षेत हाच प्रयोग याच पद्धतीनं येणार, रसायनांचा खर्च वाढायला नको आणि अटेंडंट भाऊ एकटे आहेत.

शेवटी चौथा आणि पाचवा एकत्र घ्यायचं ठरलं, तेही एकाच प्रयोगापुरतं. सत्रातल्या सगळ्या प्रयोगांची मांडणी बदलायची प्रशिक्षणार्थीची तयारी होती. गाईडनी ती मान्य केली नाही. कारण नियमात तास ४ ते ६ असले तरी तयारी धरून ते आधीच ९-१० वर गेले होते, आणि तिचं स्वतःचं संशोधन थांबलं होतं. हा निर्णय तेव्हा तिला कोता वाटला. आमच्या मते या प्रकरणातला तो सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय.

काय केलं

*आधी पाहणी.* दुसऱ्या एका संशोधक सहकाऱ्याला पुढच्या तासाला मागच्या बाकावर बसवलं. मत द्यायला त्याला मनाई होती, त्यानं फक्त मोजायचं. कागदावर पाच रकाने: कोण बोलतंय, किती वेळ, प्रश्न कोणता, उत्तर कुणी दिलं, प्रश्नानंतर किती सेकंद शांतता. निघालं ते असं: १४ प्रश्न, त्यातल्या ११ ची उत्तरं तिनंच दिली, पाच प्रश्न ‘समजलं ना?’ या जातीचे, आणि थांबणं जेमतेम एक सेकंद. हे तिचंच वैगुण्य नव्हे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये हेच मोजलं होतं. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात.

*मग सराव, दोनच कौशल्यांचा.* प्रश्न विचारून थांबणं आणि न बोलता प्रात्यक्षिक दाखवणं. पहिल्या चक्रात विद्यार्थी म्हणून बसले ते रसायनशास्त्राचेच संशोधक, आणि सराव फसला. त्यांना उत्तरं माहीत असल्यानं ती लगेच येत, थांबायची वेळच येईना. दुसऱ्या चक्राला गणित आणि वनस्पतिशास्त्राचे दोघे आणले. त्यांनी खरोखर न कळल्यासारखे प्रश्न विचारले, कारण त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. ‘तळाशी आतला वक्र म्हणजे कुठला? मला तर दोन दिसताहेत’ हा ब्युरेटमधल्या द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाबद्दलचा प्रश्न गणिताच्या संशोधकाचा. पुढे वर्गात तोच सर्वांत कामाचा निघाला.

*द्रावणांची नवी आखणी.* खर्चाच्या आक्षेपाचं उत्तर इथं मिळालं. पूर्वी ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १ लिटरमध्ये विरघळवून एकच द्रावण बनायचं. आता तेच ४ ग्रॅम ५०० मिलीमध्ये घेतलं, म्हणजे अंदाजे ०.२ नॉर्मल साठा. त्यातून तीन बाटल्या भरल्या. ‘अ’साठी १६० मिली साठा ४०० मिलीपर्यंत पातळ केला, म्हणजे सुमारे ०.०८ नॉर्मल, ‘ब’साठी १५० मिली ३०० पर्यंत, ०.१०, ‘क’साठी १८० मिली ३०० पर्यंत, ०.१२. साठ्यातलं ४९० मिली संपतं, एकूण १ लिटर द्रावण होतं आणि प्रत्येक जोडीला १०० मिली मिळतं. तीन रीडिंग, एक अंदाजी रीडिंग आणि ब्युरेट विसळणं एवढ्यात भागतं, पण उधळपट्टीला जागा नाही. १० मिली आम्लाला लागणारं रीडिंग अनुक्रमे १२.५, १० आणि ८.३ च्या आसपास. पाणी उकळून गार केलेलं ऊर्ध्वपातित घ्यायचं, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. गोळ्या पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही, आणि बाटल्या प्लास्टिकच्या. मोजपात्रानं पातळ केल्यामुळे किमती अंदाजीच राहतात, म्हणून तिन्ही बाटल्यांचं टायट्रेशन प्रशिक्षणार्थीनं आदल्या दिवशी स्वतः करून ठेवायचं.

एका बाकावर शेजारी-शेजारी एकाच अक्षराची बाटली येणार नाही, एवढं पाहिलं.

*चुकीचं प्रात्यक्षिक.* सुरुवातीच्या व्याख्यानाऐवजी आठ मिनिटांचं मूक टायट्रेशन. त्यात पाच चुका मुद्दाम केल्या: ब्युरेटवर नरसाळं तसंच राहू दिलं, तोटीतला हवेचा बुडबुडा काढला नाही, कॉनिकल फ्लास्क आम्लानं विसळला, पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढला आणि रीडिंग उभ्यानं वरून पाहिलं. मुलांनी दिसलेल्या चुका लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचं: रीडिंग वाढेल, घटेल की तेच राहील?

इथं वर्ग जागा झाला. बुडबुडा मध्येच निघून गेला तर त्याची जागा द्रावण घेतं, फ्लास्कमध्ये न गेलेलं द्रावणही मोजलं जातं, रीडिंग वाढतं. नरसाळ्यातून थेंब गळत राहिले तर पातळी पुन्हा चढते, रीडिंग घटतं. फ्लास्क आम्लानं विसळला तर आम्ल १० मिलीहून जास्त, रीडिंग वाढतं. शेवटचा थेंब फुंकला तरी तेच, कारण पिपेटचं माप तो थेंब आत राहील असं धरूनच केलेलं असतं. त्याचं टोक फक्त फ्लास्कच्या भिंतीला टेकवायचं. आणि फ्लास्क नुसत्या पाण्यानं ओला असेल तर? यावर सर्वांत जास्त वाद झाला. काही फरक पडत नाही, आम्लाचे कण तेवढेच राहतात. मात्र ब्युरेट ओली राहिली आणि सोडियम हायड्रॉक्साइडनं विसळली नाही, तर द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. ‘विसळा’ या एकाच सूचनेचे तीन भांड्यांसाठी तीन अर्थ आहेत, हे ५० मिनिटांच्या व्याख्यानात कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

डोळ्याच्या उंचीचा मुद्दा थोडा खोल आहे. बहुतेक मुलं शून्य पाहताना ब्युरेटच्या वरच्या टोकाकडे खालून बघतात आणि शेवटचं रीडिंग वरून. खालून पाहिलं तर आकडा खऱ्याहून मोठा दिसतो, म्हणून ‘शून्यावर आणलेली’ पातळी प्रत्यक्षात शून्याच्या किंचित वर असते. वरून पाहिलं तर आकडा लहान दिसतो. दोन्ही चुका एकमेकींना खोडत नाहीत, एकाच दिशेनं साठतात आणि रीडिंग कमी येतं. उपाय: क्लॅम्प सैल करून ब्युरेट वरच्या टोकाला दोन बोटांत लोंबती धरायची आणि पातळी डोळ्यांसमोर आणायची.

बारावीच्या शिकवणीनं आणखी एक गोम आणली होती. परमँगनेट गडद असल्यामुळे तिथं वरचा वक्र वाचतात. इथं द्रावण रंगहीन, म्हणून खालचा. तीन जोड्या इथंही वरचाच वाचत होत्या, आणि एकीनं आम्ल गरम करायला बर्नर पेटवला होता. परमँगनेटला ते ६०-७० अंशांपर्यंत गरम करावं लागतं, इथं नाही. विसरलेली मुलं अशी चूक करत नाहीत. जुनं पक्कं आठवणाऱ्यांकडूनच ती होते.

*नोंदीचा नियम.* रीडिंग थेट पेनानं, खोडरबर बंद, काट मारलेली चालेल. सुरुवात शून्यापासूनच करायची सक्ती नाही, ०.६ पासून केली तरी चालेल, फरक काढायचा. यामुळे तिन्ही ओळींत वेगवेगळे आकडे येतात आणि मनानं लिहिणं कष्टाचं होतं. पहिलं रीडिंग भराभर, फक्त अंदाजासाठी. पुढच्या वेळी त्याच्या १ मिली आधीपासून थेंब थेंब.

*सहीचा निर्णय.* गुण देण्याचा अधिकार प्रशिक्षणार्थीला नव्हता, त्यामुळे ही गाठ प्रभारी प्राध्यापिकांनाच सोडवावी लागली. त्यांनी मान्य केलं, की रीडिंग जुळली नाहीत तरी सही मिळेल, अट एवढीच की संभाव्य कारण दोन ओळींत लिहायचं आणि ते कुठल्या दिशेनं नेतं तेही सांगायचं. ही सवलत मिळाली नसती तर बाकीची सगळी मेहनत वाया गेली असती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिला प्रयत्न फसला तो कुठे

नव्या मांडणीचा पहिला तास वेळेत संपला नाही. दहांपैकी सहाच जोड्यांची तीन रीडिंग झाली. मुख्य कारण फिकट गुलाबी रंग. एका जोडीतला मुलगा सारखा सांगत होता, ‘मॅडम, रंग उडून राह्यला जी.’ तो बरोबर होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून मिनिटभरात रंग जातोच. त्याला वाटलं एंड पॉइंट आला नाही, म्हणून तो थेंब टाकत गेला, रीडिंग १३ च्या पुढे गेलं. ‘३० सेकंद टिकला की थांबा’ हे वाक्य सांगितलं होतं, पण मोबाइल बाजूला ठेवलेले आणि भिंतीवरचं घड्याळ बंद. ३० सेकंद मोजणार कशानं? पुढच्या वेळी घड्याळात सेल टाकला, आणि पांढऱ्या टाइलवर बरोबर रंगाचा एक फ्लास्क तुलनेसाठी बूच लावून ठेवला.

दुसरा घोळ महागात पडला. घाईत दोन जोड्यांनी ब्युरेट तशाच भरलेल्या सोडल्या. काचेच्या स्टॉपकॉकमध्ये (तोटीत) अल्कली, म्हणजे इथं सोडियम हायड्रॉक्साइड, रात्रभर राहिलं की सांधा धरतो. सकाळी दोन्ही स्टॉपकॉक हलेनात. भाऊ वैतागले, आणि त्यांचं बरोबर होतं; नव्या आखणीत त्यांचं काम तिप्पट झालं होतं आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यानंतर शेवटची १५ मिनिटं धुण्यासाठी राखली: आधी पाणी, मग अगदी पातळ आम्लाचा एक हात, पुन्हा पाणी, आणि स्टॉपकॉक काढून ब्युरेट उलटी. तीन बाटल्या भरायचं कामही प्रशिक्षणार्थीनं स्वतःकडे घेतलं.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. फिरताना विद्यार्थ्यांच्या ब्युरेटला हात लावायचा नाही, असं प्रशिक्षणार्थीनं ठरवलं होतं. शिकाऊ शिक्षकाला हे सर्वांत जड जातं, कारण स्वतः करून दाखवणं दहा सेकंदांचं काम असतं. पण एक मुलगी चवड्यांवर उभी राहून डोक्याच्या वर असलेल्या नरसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइड ओतत होती. तिथं नियम बाजूला ठेवून बाटली हातातून काढून घेतली गेली, आणि तेच योग्य. ब्युरेट भरताना ती खाली उतरवायची, चष्मा लावायचा, पिपेटला रबरी बल्बच. एवढ्या बाबतीत प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायची नसते.

निष्पत्ती

पुढच्या बॅचसोबत हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा नऊ जोड्यांनी तीन रीडिंग पूर्ण केली. आठ जोड्यांची किंमत आधी काढून ठेवलेल्या किमतीपासून ३ टक्क्यांच्या आत होती. दोन जोड्यांनी शेजारच्यांचं उतरवलंच, पण शेजाऱ्यांची बाटली ‘क’ आणि यांची ‘अ’; ८.३ पाहताक्षणी उघड झालं. त्यांना रागावणं झालं नाही. राहिलेल्या द्रावणातून एक रीडिंग सगळ्यांसमोर घ्यायला लावलं, ते १२.४ आलं, आणि पुढचं त्यांचं त्यांना कळलं.

मागच्या बाकावरच्या कागदात बोलण्याचा वेळ ५० मिनिटांवरून २२ वर आला. प्रश्न १४ चे ९ झाले, त्यातल्या सहांची उत्तरं मुलांनी दिली. थांबण्याचा वेळ तीन सेकंदांवर नेहमी टिकत नव्हता, गडबड वाढली की पुन्हा एकावर यायचा.

सत्राअखेरच्या तोंडी परीक्षेत मात्र या बॅचमध्ये आणि दुसऱ्यांत ठळक फरक दिसला नाही. व्हायवात ‘दर्शक म्हणजे काय’ असे पाठांतराचेच प्रश्न असतात, बुडबुड्यानं रीडिंग कुठं सरकतं हे कुणी विचारत नाही. मूल्यमापन जे विचारतच नाही त्यात सुधारणा कशी दिसणार, हा प्रश्न विभागापुढे अजून आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त दुरुस्ती: पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी त्याच द्रावणानं, त्याच ब्युरेटवर, विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वेळात प्रयोग स्वतः करून पाहणं. ११.४ तेव्हाच दिसलं असतं, आणि फळ्यावर १० लिहिलं गेलं नसतं. पीएचडी करणाऱ्याला बीएस्सीचा प्रयोग काय करून पाहायचा, या संकोचापायी हे राहून जातं. विभागांनी ते सक्तीचं करावं.

खोटी रीडिंग लक्षात आल्यावर प्रशिक्षणार्थीनं ते दुसऱ्या तासाला भर वर्गात सांगितलं. सात जोड्या गप्प झाल्या आणि पुढचे दोन तास कुणी प्रश्न विचारला नाही. त्याऐवजी, आरोप न करता, ‘मला ११.४ आलं, तुमचं १०.१. कोणकोणत्या कारणांनी असं होऊ शकतं?’ असं विचारता आलं असतं. त्यात ‘मनानं लिहिलं’ हे एक कारण मुलांनीच हसत सांगितलं असतं, आणि ओलसर गोळ्यांपर्यंतही ती पोचली असती.

जोडीत एक जण ब्युरेट चालवतो आणि दुसरी व्यक्ती शेवटपर्यंत लिहीतच राहते, हे सहकाऱ्याच्या कागदात पहिल्याच पाहणीत आलं होतं, पण ‘कोण बोलतंय’ या रकान्यावर सगळ्यांचं लक्ष असल्यानं सुटलं. लिहिणाऱ्यांत मुली जास्त होत्या. ‘प्रत्येक रीडिंगला हात बदला’ हा नियम सत्राच्या शेवटी आला, तो पहिल्या दिवशी हवा होता. बर्नर पेटवणारी आणि वरचा वक्र वाचणारी मुलंही त्यामुळे लवकर सापडली असती, कारण चूक हातात असते आणि लिहिणाऱ्याचे हात कुणी पाहत नाही.

पाहणारा एकच, तोही रसायनशास्त्राचा, ही मर्यादा राहिली. गणिताच्या संशोधकाला सरावाप्रमाणे वर्गातही बसवता आलं असतं. शहरात दरवर्षी भरणाऱ्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिकेच्या शाळांमधली मुलं साध्या वस्तूंनी प्रयोग करून दाखवतात. एकच प्रयोग दिवसभर नव्या नव्या माणसाला समजावताना त्यांची वाक्यं कशी बदलत जातात, हे तासभर उभं राहून ऐकणं हाही शिकाऊ शिक्षकासाठी बिनखर्चाचा धडा ठरला असता. बैठकीत हे सुचलं होतं, पण राहून गेलं.

पुढच्या सत्रासाठी विभागानं दुसरा प्रयोग निवडला आहे, सोडियम थायोसल्फेट आणि आयोडीनचा. तिथं स्टार्च टाकायची वेळ हाच पेच असतो. आयोडीन जास्त असताना स्टार्च टाकला तर निळा रंग चिवट होऊन एंड पॉइंट लांबतो, म्हणून द्रावण फिकट पिवळं झाल्यावरच तो टाकायचा. ‘फिकट पिवळं’ म्हणजे नेमकं किती, याच्या तुलनेचा फ्लास्क या वेळी भाऊंशी बोलून आधीच ठरवला आहे, आणि प्रशिक्षणार्थीनं प्रयोग स्वतः करून पाहण्याचा दिवस वेळापत्रकात नोंदला आहे.